उत्तर आलं की थांबायचं

१

सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी ते उतरायला लागल्यावर, एवढ्याच वेळात आमचं काम चाले. मधल्या वेळात विमानाच्या पत्र्याला हात लावणं म्हणजे तापल्या तव्याला हात लावणं. पाने आणि पकडी आम्ही पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवत असू, तरी बाहेर काढल्या की बघता बघता त्या चटका द्यायला लागत. माश्या डोळ्यांच्या कडांना येऊन बसत. दोन्ही हात ग्रीसने भरलेले, त्यामुळे त्यांना कोणी हाकलत नसे.

या धावपट्टीला सगळे पॅस्कोची पट्टी म्हणत, कारण ती माझ्या वडिलांच्या गुरांच्या कुरणातून काढलेली होती. मी ह्यू पॅस्को. इथेच जन्मलो, पण लहानपणीच मला ॲडलेडच्या वसतिगृहात धाडलं, आणि तिथून पुढे समुद्रापार ग्लासगोला, इंजिनं शिकायला. युद्ध सुरू झालं तेव्हा मी हवाई दलाच्या दुरुस्ती तुकडीत अधिकारी झालो आणि अर्ज-विनंत्या करून याच पट्टीवर नेमणूक मागून घेतली. जिथे कोणी जायला तयार नसतं, तिथे मी हट्टाने आलो. मला वाटे, एकही माणूस ढिल्या राहिलेल्या नटामुळे मरता कामा नये, आणि एवढं जमलं तर बाकी सगळं जमेल. युद्ध संपल्यावर याच पट्टीवर डॉक्टर उतरेल, औषधं उतरतील, पोरांची पुस्तकं उतरतील. मी हे जेवताना बोलून दाखवत असे. फिटर लोक खारवलेलं मांस चावत ऐकून घेत आणि मला ‘ग्लासगो’ म्हणत.

या तुकडीची एक रीत मला माझ्या धाकट्या भावाने शिकवली. क्लेम आधी इथेच फिटर होता, मग निरीक्षक होऊन विमानातून उडायला लागला. मी आलो त्याच दिवशी तो मला एका विमानाच्या शेपटाकडे घेऊन गेला. शेपूट म्हणजे विमानाच्या धडाची मागची निमुळती बाजू. आत काम करायचं तर पोटावर सरपटत जावं लागतं. आतल्याला बाहेरचं बोलणं कळत नाही, बाहेरच्यांना आतला दिसत नाही. आणि पुढे वैमानिकाच्या खुर्चीपाशी कोणी दांडा हलवला, की शेपटाची पाती हलतात आणि त्यांना जोडलेल्या लोखंडी सळया आत सर्रकन सरकतात. मध्ये बोटं असली तर बोटं जातात.

म्हणून काहीही हलवायच्या आधी बाहेरच्याने शेपटावर बोटांच्या पेरांनी दोन ठोके द्यायचे. आत कोणी असेल तर त्यानेही उलट दोन ठोके द्यायचे.

‘उत्तर आलं की थांबायचं,’ क्लेम म्हणाला होता. ‘तो माणूस बाहेर येऊन तुझ्यासमोर उभा राहीपर्यंत बसून राहायचं. जनरल येऊन बोंबलला तरी हलायचं नाही. इथे बाकी कशाचीही थट्टा चालते दादा, याची नाही.’

खरंच, तेवढी थट्टा तिथे कोणी कधी केली नाही.

२

क्लेमचं विमान उत्तरेकडून परतताना खडकाळ माळापलीकडे पडलं. आम्ही ट्रकने तिथे पोचलो तेव्हा वैमानिक खुर्चीतच गेलेला होता. क्लेम नव्हता. त्याची पाण्याची पिशवी नव्हती. बुटांचे ठसे पश्चिमेकडे, म्हणजे आमच्याकडे, निघाले होते आणि खडक लागल्यावर संपले होते.

वडिलांनी तो माळ पाहिला आणि ते माझ्या खांद्याला धरून म्हणाले की क्लेम मरायचा नाही. या माळावर खडकांच्या खाचांत कुठे पाणी साचून राहतं, हे त्याला ठाऊक होतं. तो दिवसा सावलीत पडून राहील आणि अंधारात चालेल. माळाच्या अलीकडे वडिलांच्या गुरांसाठी खणलेल्या बोअरी होत्या, एकमेकींपासून खूप लांब लांब, प्रत्येकीवर पवनचक्की. त्यांतल्या एखादीपर्यंत तो पोचला की सुटला. वडील आपले गुराखी आणि घोडे घेऊन त्या बाजूला गेले.

पण माणूस शोधायचा तर तो वरून. आणि विमानं नव्हती. उत्तरेकडे हल्ले वाढले होते, उडू शकेल ते सगळं तिकडे नेलं होतं. एक विमान एक दिवस फिरून गेलं, त्याला काही दिसलं नाही, आणि मुख्यालयाने खेद कळवला.

आमच्या शेडखाली एक विमान उभं होतं, इंजिनं धडधाकट, पण मागचा भाग पार चिरडलेला. क्लेमचं विमान त्याच जातीचं. त्याचं नाक आणि पंख गेले होते. शेपूट मात्र शाबूत होतं. एकाचं मोडकं काढून दुसऱ्याचं धड जोडणं हेच आमचं रोजचं काम. मी सार्जंट डॉकरला म्हणालो की ते शेपूट आणू, याला जोडू, आणि आपणच शोधायला जाऊ.

डॉकर तुकडीतला सगळ्यांत जुना माणूस. तो बराच वेळ पाइपमध्ये तंबाखू ठासत राहिला.

‘ज्या शेपटासकट तो पडला, तेच घेऊन त्याला शोधायला जायचं,’ तो म्हणाला. ‘बरं. आणू या.’

त्या दिवसापासून कोणी मला ग्लासगो म्हटलं नाही. न सांगता सगळे उन्हातही काम करायला लागले, हातांना गोणपाटाच्या चिंध्या बांधून.

३

शेपूट जोडलं गेलं आणि आतल्या तारा ओढून बसवायचं काम सुरू झालं. ते काम लेस ब्रॉफीचं. ब्रॉफी तोंडाने अखंड चालू असे. आत सरपटत जाताना तो म्हणायचा की बाहेर आल्यावर मी बारीक झालेला दिसलो तर माझ्या बायकोला कळवा, तिला आवडेल.

त्या संध्याकाळी मी आणि ब्रॉफी दोघेही बाहेर होतो. पाती नीट हलतात का ते बघायचं होतं. एक जण खुर्चीत चढला. ब्रॉफीने सवयीने शेपटावर दोन ठोके दिले.

आतून दोन ठोके आले.

ब्रॉफीने हात वर करून खुर्चीतल्याला थांबवलं आणि आम्ही वाट बघत राहिलो. ब्रॉफी म्हणाला की म्हातारा डॉकर आत गेलेला दिसतोय, बाहेर यायला त्याला आता नाताळ उजाडेल. माझ्या हातात घड्याळ नव्हतं, पण सावली सरकलेली कळली. तेवढ्यात डॉकर स्वयंपाकाच्या तंबूकडून चहाचा पत्र्याचा मग घेऊन आला आणि कशाला खोळंबलात, असं त्याने विचारलं.

ब्रॉफीने शेपटाकडे बोट दाखवलं. मग आम्ही तिघांनी मिळून शेपटाचं दार काढून आत दिवा धरला. सळया, तारा, पिवळसर हिरवा रंग दिलेला पत्रा, आणि टोकाला निमुळता होत गेलेला काळोख. माणूस नव्हता.

मी हसलो. मला खरंच हसू आलं. मी त्यांना समजावून सांगितलं की पत्रा दिवसभर तापतो आणि ऊन उतरलं की आखडतो, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या ओळी ताणल्या जातात, आणि मग असा आवाज होतो. ब्रॉफी म्हणाला की साहेब, पत्रा आखडतो ते मान्य, पण तो आपल्यासाठी थांबून मग बरोबर दोनदाच आखडतो, हे जरा जास्तच सभ्य वाटतं. सगळे हसले.

पुन्हा ठोका देऊन बघू, असं मात्र कोणी म्हणालं नाही. त्या संध्याकाळी पाती हलवायचं राहून गेलं. बुटाच्या नाड्या बांधणं, भांडी विसळणं, अशी बारीकसारीक कामं सगळ्यांना आठवली.

४

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच शेडखाली आलो. त्या भागात पहाटे गारठा असतो. पत्र्यावर दव होतं. तापणं नाही, आखडणं नाही. मी मुद्दामच ती वेळ निवडली होती. संशय ही घाण आहे आणि ती वेळच्या वेळी धुतली पाहिजे, असं मी स्वतःला सांगत होतो. शिवाय तारांचा शेवटचा जोड तपासायचा होता. तो बरोबर असला की त्याच दिवशी चाचणी आणि दुसऱ्या दिवशी क्लेमच्या शोधात उड्डाण.

मी ठोके दिले. उत्तर आलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी शीळ घालत आत शिरलो.

आत पोटावर सरपटत गेलं की आधी आपलाच श्वास ऐकू येतो. मग तोही ऐकू येईनासा होतो. मी जोडापर्यंत पोचलो, दिवा टेकवला, तार बोटांनी दाबून पाहिली. काम चोख होतं. क्लेमच्या वेळची एक चिंधी एका सळईला अजून बांधलेली होती, हात पुसायची. मी ती सोडली नाही.

आणि तेव्हा बाहेरून कोणीतरी ठोके दिले. दोन, सावकाश. माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, पत्र्याच्या त्या बाजूने. ठोकणारा दमलेला असावा असं वाटलं. दुसरा ठोका पहिल्यापेक्षा हलका होता.

मी विचार केला नाही. तिथे कोणीच करत नाही. रोजची सवय, माझ्या हाताने आपणहून पत्र्यावर दोन ठोके दिले. आत आहे, थांब.

मग मी उलटा सरपटत बाहेर आलो. शेडखाली कोणी नव्हतं. पट्टीवर कोणी नव्हतं. दवाने ओल्या झालेल्या धुळीत फक्त माझीच पावलं होती, येणारी. डॉकर आणि ब्रॉफी तंबूकडून येताना दिसले, अजून लांब, ब्रॉफीच्या हातात पाव. मी विचारलं की आत्ता इथे कोण होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी जे झालं ते सांगितलं, शक्य तितक्या साध्या शब्दांत, थोडं हसत.

‘तुम्ही उत्तर दिलंत?’ डॉकरने विचारलं.

मी हो म्हणालो.

ब्रॉफीने पाव चावता चावता पट्टीच्या टोकाकडे पाहिलं. तिकडे नुसता लाल माळ होता आणि वर येणारा सूर्य. ‘मग कोण असेल तो बिचारा,’ तो म्हणाला, ‘बसला असेल आता तुमची वाट बघत.’

डॉकरने त्याला गप्प बस म्हटलं. तो ज्या आवाजात ते म्हणाला तो मला आवडला नाही. मग मी दोघांना कामाला लावलं. त्या दिवसभरात शेपटातून पुन्हा काही ऐकू आलं नाही. पाती हलवली, इंजिनं फिरवली, सगळं सुरळीत. मी स्वतःला सांगितलं की झोप नाही, अन्न नाही, आणि ज्याच्या भावाचा पत्ता नाही त्याचे कान काहीही ऐकतात.

५

आमच्याकडे ज्याने तारा ओढल्या त्यानेच पहिल्या उड्डाणात बसायचं, अशी पद्धत. म्हणून ब्रॉफी होता. विमान चालवायला हॅलम नावाचा कॅप्टन दक्षिणेकडून आला होता, शांत, कमी बोलणारा. आणि मी, मागे निरीक्षकाच्या जागी. क्लेमच्या जागी, असं मनात आलं, पण नीट पाहिलं तर ती जागा जुन्या विमानाची होती. क्लेमचं काय ते माझ्या पाठीमागे सुरू होत होतं.

वरून तो माळ बघताना माझ्या छातीत जी आशा उसळली, ती लिहून सांगता येणार नाही. सगळं स्वच्छ दिसत होतं. प्रत्येक झुडूप आपल्या सावलीसकट वेगळं. हा देश एवढा उघडा आहे, इथे माणूस हरवूच कसा शकतो, असं वाटलं. मी डोळे फाडून बघत होतो. हॅलम एकेका पवनचक्कीवरून विमान नेत होता.

पूर्वेकडच्या बोअरपाशी तो ब्रॉफीच्या आधी मला दिसला. ‘बसलाय,’ मी ओरडलो. हॅलमने विमान वळवलं.

तो माळावर बसला होता. ताठ, मांडी घालून. पवनचक्की त्याच्या उजव्या हाताला, इतकी जवळ की तिची पाती फिरताना त्याला ऐकू येत असणार. तिच्या हौदातलं पाणी वरून चमकत होतं. जवळच पांढऱ्या बुंध्याचं एक झाड होतं आणि त्याची सावली. तो सावलीत बसला नव्हता. उघड्यावर बसला होता, तोंड आमच्या पट्टीकडे.

आम्ही खालून खालून गेलो. इंजिनांच्या आवाजाने गुरं पांगली. त्याने मान वर केली नाही. ब्रॉफीने पाण्याची पिशवी टाकली, ती त्याच्यापासून दगड फेकावा तेवढ्या अंतरावर पडली. दुसऱ्या फेरीला मी दुर्बीण लावली. त्याचा उजवा हात वर झालेला होता, मूठ अर्धी मिटलेली, समोर काहीच नसताना समोर धरलेली. आणि मी बघत असताना तो हात थोडा पुढे गेला. मागे आला. पुन्हा पुढे गेला.

पाठीमागे शेपटात दोन ठोके पडले.

मी वळून ब्रॉफीकडे पाहिलं. तो खाली बघत होता आणि आनंदाने रडत होता. इंजिनांच्या त्या गोंगाटात पत्र्यावरचा ठोका ऐकू येणं शक्य नाही, हे मी कोणालाही कागदावर सिद्ध करून दाखवीन.

या वेळी मी हात मांडीखाली दाबून ठेवला.

६

त्या मातीत विमान उतरवता येण्यासारखं नव्हतं. आम्ही परत येऊन ट्रकने निघालो. पोचलो तेव्हा वडील आधीच तिथे होते. त्यांनी घोड्यावरचं कांबळं क्लेमवर घातलं होतं.

मी म्हणालो की सकाळी तो जिवंत होता, त्याने हात हलवला, मी पाहिलं. वडिलांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. मेलेली जनावरं बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. ‘कालच गेला रे,’ ते म्हणाले. ‘ऊन डोक्यावर आलं असेल तेव्हा. अंग बघ.’

मग त्यांनी मला त्याची पावलं दाखवली. माळावरून उतरून ती सरळ रेषेत पवनचक्कीकडे आली होती, दमलेली, फरपटणारी, पण सरळ. तो रात्रभर चालला होता. आणि मग काल पहाटे, जेव्हा उजाडून पवनचक्की दिसायला लागली असणार, तेव्हा पावलं थांबली होती. तिथून पुढे एकही पाऊल नव्हतं. पडल्याची खूण नव्हती, सरपटल्याची नव्हती. बसल्या जागी माती हालचालीने बारीक झालेली होती. तो तिथे बराच वेळ शुद्धीवर बसला होता.

‘थकला असेल,’ मी म्हणालो.

‘थकलेला माणूस पाण्याकडे रांगत जातो,’ वडील म्हणाले. ‘गुरंसुद्धा जातात. पाणी दिसत होतं त्याला, ह्यू. वास येत असणार. मग हा बसला कशासाठी? कोणाची वाट बघत होता?’

डॉकर बुटांकडे बघत होता. ब्रॉफी ट्रकच्या मागे गेला.

कांबळ्यातून क्लेमचा उजवा हात बाहेर राहिला होता. बोटांच्या पेरांची कातडी सोललेली होती, हाड दिसेपर्यंत. आसपास, नजर पोचेल तिथपर्यंत, ठोकावं असं काही नव्हतं.

मी ग्लासगोत शिकलो की कुठल्याही मोडतोडीला कारण असतं. ते शोधलं की ती पुन्हा होत नाही. माझी सगळी श्रद्धा त्या एका वाक्यावर उभी होती. आता मला कारण ठाऊक होतं. जन्मभर ते कोणाला सांगता येणार नव्हतं आणि सांगून काही दुरुस्त होणार नव्हतं.

७

घराच्या मागे, आजोबांच्या शेजारी खड्डा खणला होता. लाकूड या भागात मिळत नाही. तुकडीने इंजिनांच्या खोक्याच्या फळ्या काढून पेटी केली होती, नीट रंधून. आईने आत आपली चादर घातली होती. ती मला एवढंच विचारत होती की त्याला फार त्रास झाला नसेल ना. मी म्हणत होतो, नाही.

झाकण ठोकून झालं होतं. आम्ही सहा जण पेटीच्या दोन बाजूंना उभे राहिलो. वडील टोपी काढून हातात धरून पुढे होते. सकाळच होती, पण उन्हाला धार यायला लागली होती.

उचलायच्या आधी ब्रॉफीने वाकून पेटीच्या कडेवर बोटांच्या पेरांनी दोन ठोके दिले.

त्याने ते जाणून केलं नाही. माझ्याइतकं ते दुसऱ्या कोणाला कळणार? काही हलवायचं असलं की आमचा हात आधी तेच करतो. त्याचं त्यालाच कळलं तेव्हा तो पांढराफटक पडला आणि हात मागे घ्यायचंही विसरला.

खोक्याची फळी उन्हात तडकते. तडकताना आवाज करते. मला हे ठाऊक आहे. मी ते आजही शपथेवर सांगेन.

‘उचला, पोरांनो,’ वडील म्हणाले. त्यांना आमची रीत माहीत नव्हती. ‘ऊन चढतंय.’

डॉकरने आपले दोन्ही हात पेटीपासून काढून घेतले आणि एक पाऊल मागे होऊन उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा. मग ब्रॉफी. एकानेही दुसऱ्याकडे पाहिलं नाही. आई आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती.

‘ह्यू,’ वडील म्हणाले, ‘काय झालं? उचला ना.’

मी खाली मातीत बसलो, मांडी घालून, पेटीकडे तोंड करून.

‘थांबा, बाबा,’ मी म्हणालो. ‘तो बाहेर येईपर्यंत थांबायचं असतं.’